सुरीचे डाव नंतर, आधी पार्टनर बदला

प्रश्न विचारणारे कराटेतले ब्राऊन बेल्ट आहेत. नोकरी लोअर परळला, घर कल्याणला, परतीची लोकल बहुतेक वेळा रात्री अकरानंतरची. क्लासमध्ये हल्ली सुरीच्या हल्ल्यापासून बचावाचे डाव सुरू झालेत. मॅटवर ते झकास बसतात. घरी धाकट्या भावाच्या हातात प्लास्टिकची पट्टी देऊन करून पाहिले, तर एकही बसला नाही. तेव्हा डाव खोटे की आपण कच्चे, शनिवार-रविवारच्या वर्कशॉपचे पैसे भरावेत का, आणि सरावाची सुरी लोकलमधून नेली तर पोलीस अडवतील का, असे तीन प्रश्न आहेत. मी दादरला ज्युदो आणि अर्निस (फिलिपिन्सची काठी-सुरीची युद्धकला) शिकवतो, सुरीचा सराव दोन्हीकडे येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा भाऊ हा तुम्हाला आजवर मिळालेला सगळ्यात चांगला पार्टनर आहे. हात पुढे करून तिथेच थांबायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. क्लासमधला पार्टनर काय करतो ते आठवा. लांबून एक मोठं पाऊल टाकतो, ओई-झुकी (कराटेतला पाऊल टाकून मारायचा सरळ ठोसा) मारावी तशी सुरी सरळ पोटाकडे आणतो आणि कोपर ताठ ठेवून उभा राहतो. तेवढ्यात ब्लॉक, मनगट पिरगाळणं, खाली पाडणं, सुरी काढून घेणं, सगळं उरकतं. भावाने पट्टी टोचली, लगेच मागे घेतली, परत टोचली, आणि तुम्ही त्याच्या उजव्या हाताकडे बघत असताना डाव्या हाताने तुमचा शर्ट धरला. बरोबर ना? हे मी न बघता सांगतोय, कारण न शिकलेला जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो. आणि रस्त्यावर सुरी काढणारा बहुतेक वेळा न शिकलेलाच असतो.

सीसीटीव्हीच्या क्लिप आता सगळ्यांच्या फोनवर फिरतात. त्या बघवत नाहीत, पण बघायच्याच असतील तर मारणाऱ्याच्या रिकाम्या हाताकडे बघा. जवळ येईपर्यंत सुरी दिसतच नाही. मांडीच्या मागे, खिशात, दुमडलेल्या पेपराखाली असते. आधी बाचाबाची, मग एक हात कॉलरला किंवा मानेला, आणि दुसऱ्या हाताने कमरेच्या उंचीवरून छोटे छोटे, भराभर वार. वाचलेले कित्येक लोक सांगतात की आधी बुक्के बसतायत असंच वाटलं, रक्त दिसलं तेव्हा कळलं. वर हात उचलून, डोळे वटारून, दहा फुटांवरून धावत येणारा माणूस सिनेमात भेटतो.

प्रतापगडची भेट शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलीय. १० नोव्हेंबर १६५९. तीच गोष्ट एकदा सुरीच्या सरावाच्या नजरेने बघा. खानाने आलिंगन देताना महाराजांची मान काखेत दाबली आणि दुसऱ्या हाताने कुशीत वार केला, तो आतल्या चिलखतावर खरखरला. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने भोसकायचं. साडेतीनशे वर्षं उलटली, पद्धत तीच आहे. वाचवलं कशाने? दगा होणार हे आधी ओळखलं होतं, अंगात चिलखत होतं, हातात स्वतःचं हत्यार होतं, आणि भरवशाची माणसं हाकेच्या अंतरावर होती. मनगट पिरगाळून कट्यार हिसकावली असं त्यात कुठे येत नाही.

मग क्लासमधले डाव खोटे का? नाहीत. ज्युदोतल्या कोडोकान गोशिन-जुत्सू या स्वसंरक्षणाच्या संचात २१ तंत्रं आहेत. कोडोकानने, म्हणजे ज्युदोच्या मूळ संस्थेने, ती १९५६ साली ठरवून दिली, आणि त्यातली तीन सुरीविरुद्धची आहेत. आयकिदोत तांतो-दोरी, म्हणजे सुरीविरुद्धचे डाव, आहेत. यात पार्टनर ठरलेला वार ठरलेल्या रेषेत करतो, कारण शिकवायचं असतं ते वेगळंच: वाराच्या रेषेतून अंग कसं काढायचं, कोपरावर ताबा कसा मिळवायचा, समोरच्याचा तोल कुठल्या दिशेला जातो. ते अंगात मुरल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. पण ग्रेडिंगला तेवढंच विचारतात, म्हणून बहुतेक क्लास तिथेच थांबतात. घोळ तिथे आहे.

आपल्याकडच्या जुन्या व्यायामशाळांत लाठी, लेझीम, फरीगदक्याबरोबर जंबियाचे (वाकड्या पात्याच्या खंजिराचे) हातही असायचे, कोल्हापूरच्या मर्दानी खेळात अजून बघायला मिळतात. दोघांच्याही हातात हत्यार, तमाचा, बाहेरा, शीर अशी वारांना नावं, आणि आलटून पालटून मारायचं नि अडवायचं. फिलिपिन्सच्या अर्निसमध्येही तसंच, पहिल्या दिवसापासून हातात काठी किंवा सुरी. (तिथे २००९ साली कायदा करून अर्निसला राष्ट्रीय खेळाचा दर्जा दिलाय, तो उगाच नाही.) या दोन्ही परंपरांचा मला पटलेला गुण हाच. सुरी स्वतः चालवून बघितलेल्या माणसाला कळतं की हात परत किती लवकर येतो, वार सुरू होण्याआधी खांदा आणि कंबर कशी हलते, आणि समोरच्याने मनगटाकडे झेप घेतली की त्याला चकवणं किती सोपं असतं. रिकाम्या हातांनी नुसता बचावच घोकत बसलं तर हे कळायला वर्षं जातात.

म्हणून माझं सगळं म्हणणं एका गोष्टीवर येऊन थांबतं: सरावात तुमच्यावर वार करणारा किती प्रामाणिक आहे, यावर तुमचा बचाव ठरतो. नवीन डाव शिकण्याआधी पार्टनरला वार करायला शिकवा. सुरुवातीला हळू, पण हात मागे घेत. ते जमलं की दुसऱ्या हाताने धरू दे, ढकलू दे. मग ‘हाजिमे’ (सुरू करा) म्हणून सुरुवात करणंच बंद करा. दोघं उभे राहून बोलतायत, एक जण पत्ता विचारतोय, शिव्या देतोय, आणि मधेच कधीतरी वार येतो. याच टप्प्यावर लोकांची भंबेरी उडते, कारण स्टान्स घ्यायला वेळच मिळत नाही. वेग शेवटी वाढवायचा. घाईने वेग वाढवला की दोघंही खेळायला लागतात आणि सराव तिथेच संपतो.

आमच्याकडे महिन्यातून एकदा गेरूचा सराव असतो. रबरी सुरीच्या दोन्ही कडांना ओला गेरू लावायचा, अंगात जुना पांढरा बनियन, डोळ्यांवर गॉगल. वीस सेकंदांची फेरी, आणि वार करणाऱ्याला एकच सूचना: थांबू नकोस. फेरी संपली की बनियन बघायचा. लिपस्टिकने खुणा जास्त स्पष्ट उमटतात, पण मॅट खराब होते आणि घरी उत्तरं द्यावी लागतात ती वेगळी. पहिल्यांदा करणाऱ्याच्या हातांवर कोपरापर्यंत पट्टे, पोटावर ठिपक्यांची रांग, आणि हमखास एक रेघ कानाखाली, जी कधी आली ते त्याला आठवतच नाही. वर्षभर सराव केलेल्यांच्या हातांवरही पट्टे येतातच. फरक एवढाच की पोट आणि मान बऱ्यापैकी कोरी राहते, आणि हातावरचे पट्टे बाहेरच्या बाजूला असतात. प्रगती म्हणतात ती एवढीच. हाताची आतली बाजू, जिथे नाडी बघतात ती, स्वतःच्या अंगाकडे वळलेली ठेवायची सवय लागते. शिरा-स्नायूबंध तिथे अगदी वर असतात. एकही खूण न घेता सुरी काढून घेऊन दाखवणारे सर भेटले तर त्यांच्यावर वार करणारा त्यांचाच विद्यार्थी आहे का, ते बघा.

आता धरण्याबद्दल. दोन हात विरुद्ध एक, हेच सूत्र मला आजवर सगळ्यात भरवशाचं वाटलंय. तुमचे दोन्ही हात त्याच्या सुरीच्या हातावर, एक मनगटाशी आणि एक कोपराच्या वर, छाती त्याच्या खांद्याला चिकटलेली, आणि त्याचा हात त्याच्याच मांडीशी किंवा भिंतीशी दाबलेला. कुस्ती खेळलेल्यांना हे सांगावं लागत नाही, दस्ती ओढून (समोरच्याचा हात धरून खेचून) पाठीकडे जाणं त्यांच्या अंगातच असतं. लाल मातीत वाढलेला एखादा पोरगा आमच्याकडे येतो, सुरीचा एकही डाव त्याला माहीत नसतो, आणि गेरूच्या फेरीत तो चांगल्या ब्लॅक बेल्टवाल्यांपेक्षा कमी खुणा घेऊन बाहेर पडतो. समोरचा झटके देत असताना हात धरून ठेवायची त्याला सवय असते. तुमचं कराटे पक्कं आहे, पण पकडीत झगडायची सवय नसेल तर सुरीचे आणखी दहा डाव शिकण्यापेक्षा सहा महिने ज्युदो किंवा कुस्ती करा. मुंबईत मॅटवरची कुस्ती शिकवणारे आखाडे शोधले तर सापडतात.

एक बारीक गोष्ट जी क्लासमध्ये लक्षातच येत नाही. गी (सरावाचा जाड पोशाख) घातलेल्या पार्टनरची बाही पकडायला मिळते. मे महिन्यात हाफ शर्टातला, घामाने निथळणारा हात पकडून बघा. मनगट साबणासारखं निसटतं. रक्ताने तर आणखी निसटतं. म्हणून अधूनमधून टी-शर्टवर आणि मुद्दाम हात ओले करून सराव करायचा. मग आपोआप कळतं की नुसत्या बोटांच्या पकडीवर काही टिकत नाही, कोपराच्या बेचक्यात हात अडकवून आणि अंगाचा भार टाकूनच तो थांबतो.

सुरी हिसकावणं यात कुठे येतं? शेवटी, आणि जमलं तर. तो हात जखडला, डोकं-गुडघा मारून त्याला हलवला, भिंतीवर आपटला, आणि सुरी सुटली तर सुटली. नाही सुटली तर ढकलून पळायचं. पात्याला हात घालून ओढायचं नाही. कोयता असेल तर हिशोब बदलतो, कारण त्याला वजन असतं आणि वार लांबून, वरून येतो. तिथे एकतर पूर्ण बाहेर राहायचं किंवा वार निघायच्या आत अगदी चिकटायचं. मधल्या अंतरात थांबलात तर संपलंच.

अंतराबद्दल पोलिसांच्या प्रशिक्षणात एक जुनी चाचणी आहे. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली ती मांडली. सुरीवाला माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात कापतो, म्हणजे कमरेचं पिस्तूल काढून झाडेपर्यंत तो अंगावर आलेला असतो. आकडा पिस्तूलवाल्या पोलिसासाठी आहे, पण आपल्याला त्यातून वेगळंच कळतं. आपल्या लोकलच्या डब्याची रुंदी जेमतेम बारा फूट. तिथे २१ फूट मिळणारच नाहीत. पळायलाही जागा नाही, धावत्या गाडीत दाराकडे पळणं हा तर आत्मघात. म्हणून तुमच्या परतीच्या प्रवासासाठी मी सांगेन ते असं: सॅक तशीही पुढेच लटकवता ना, ती तिथेच राहू दे. पाठीवरचा पट्टा एका झटक्यात सुटेल असा ठेवा आणि सॅक दोन्ही हातांनी ढालीसारखी धरून ढकलायचा सराव क्लासमध्ये करा. टिफिन आणि लॅपटॉप असलेली सॅक सुरीच्या वाराला चांगलीच पुरते. पावसाळ्यात लांब दांड्याची छत्री असेल तर उत्तमच. रात्री रिकाम्या डब्यात बसू नका, चार माणसं दिसतील त्या डब्यात चढा. रेल्वे पोलिसांचा १५१२ हा नंबर फोनमध्ये टाकून ठेवा.

आणि सुरी दाखवून कोणी फोन मागितला तर देऊन टाका. यात कसलाही कमीपणा नाही. फोन त्याच्या हातात देऊ नका, त्याच्या बाजूला टाका आणि तो तिकडे वळला की उलट दिशेने निघा. फोन नंतर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर ब्लॉक करता येतो. सुरी दाखवणारा आणि सुरी मारायला आलेला, हे दोन वेगळे प्रसंग आहेत. दाखवणाऱ्याला काहीतरी हवं असतं, ते मिळालं की तो जातो. बचावाचे डाव दुसऱ्या प्रसंगासाठी आहेत, किंवा पहिल्यात तो ‘चल माझ्याबरोबर’ म्हणायला लागला तर.

बहुतेक क्लासमध्ये जे शिकवतच नाहीत ते म्हणजे वार बसल्यानंतर काय करायचं. माझ्या मते सुरी शिकवणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात हे शिकवलं पाहिजे, कारण वर म्हटलं तसं खुणा उमटणारच आहेत. रक्त उसळत असेल तिथे हाताने, कापडाने, जे मिळेल त्याने जोरात दाबायचं आणि दाब सोडायचा नाही. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. जांघ किंवा काखेसारख्या ठिकाणी खोल जखम असेल तर स्वच्छ कापड आत कोंबून वरून दाबायचं. हाता-पायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर जखमेच्या वर, धडाच्या बाजूला, टूर्निके (रक्त थांबवायची आवळपट्टी) बांधून वेळ लिहून ठेवायची. ते नीट शिकून घ्या, ओढणी सैल बांधून काही होत नाही. आणि पातं आत अडकलं असेल तर ते काढायचं नाही. जानेवारी २०२५ मध्ये वांद्र्याला घरात घुसलेल्या माणसाने सैफ अली खानवर वार केले, तेव्हा सुरीचा तुकडा पाठीच्या कण्याजवळ अडकला होता. तो लीलावतीत डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून काढला. ते हॉस्पिटलला रिक्षाने गेले होते, आणि त्यात चुकीचं काहीच नव्हतं. १०८ लवकर येत असेल तर १०८, नाहीतर समोर उभी असेल ती गाडी. ‘पोलीस केस आहे’ म्हणून कुठलंही हॉस्पिटल तातडीचे उपचार अडवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच सांगितलंय. शक्य असेल तर सायन, केईएमसारख्या मोठ्या ठिकाणी न्या, तिथे अशा जखमा रोज हाताळतात.

कायद्याचंही थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत खासगी बचावाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जीव जाण्याची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हा हक्क हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंतही जातो, पण बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि धोका संपला की हक्कही संपतो. काही ठिकाणी शिकवतात की सुरी काढून घ्यायची आणि त्याच सुरीने खाली पडलेल्याला ‘फिनिश’ करायचं. तो ड्रिल करू नका. सरावात जे शंभर वेळा केलं तेच हात रस्त्यावर करतात, आणि तिथून पुढचं कॅमेऱ्यात असतं. सुरी सुटली की लाथेने लांब उडवायची, मागे सरकायचं, ११२ लावायचा. ड्रिलचा शेवट असा ठेवा.

आता वर्कशॉप. दोन दिवसांत सुरीपासून बचाव ‘येतो’ असं जाहिरातीत लिहिलं असेल तर पैसे वाचवा. पण दोन दिवस चांगल्या वार करणाऱ्यांबरोबर घालवून आपण कुठे आहोत ते कळणार असेल, तर जा. आधी फोन करून विचारा की डोळ्यांना गॉगल असतात का, मोकळ्या हल्ल्याचा सराव होतो का, शिकवणारे स्वतः त्यात उतरतात का, आणि प्रथमोपचार आहे का. गॉगलचा प्रश्न ऐकून समोरचा हसला तर नाव नोंदवू नका, रबरी सुरीचं टोकही डोळा घालवायला पुरतं. डेमोसाठी धारवाली सुरी काढणारा दिसला तर उठून या, भले भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं असोत. क्राव्ह मागा, अर्निस, ज्युदो, आयकिदो, नाव काय आहे याने फारसा फरक पडत नाही. क्राव्ह मागाचा (इस्रायलची स्वसंरक्षणाची पद्धत) भर अडवता अडवताच उलट मारण्यावर असतो, तो चांगला आहे, फक्त मुंबईत त्या नावाखाली काहीही विकलं जातं.

राहिली सरावाची सुरी. शस्त्र नियमांत खंजिरासारखी हत्यारं येतातच, शिवाय नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्याही येतात, घरगुती, शेती वगैरे कामाच्या सोडून. त्याशिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत शस्त्रबंदीचे आदेश अधूनमधून निघत असतात. तुमच्या अॅल्युमिनियमच्या सुरीला धार नाही हे तुम्हाला माहीत आहे, दादरच्या पुलावर सॅक तपासणाऱ्या हवालदाराला नाही. गर्दीच्या डब्यात ती सॅकमधून डोकावली तर आधी लोकच तुम्हाला धरतील. धातूची सुरी क्लासच्या कपाटात राहू द्या. घरच्या सरावाला निळी किंवा नारिंगी रबरी सुरी घ्या, गी आणि बेल्टमध्ये गुंडाळून सॅकच्या तळाशी ठेवा, आणि कोणी विचारलंच तर क्लासचं ओळखपत्र दाखवा. भावाला मात्र रोज दहा मिनिटं बसवा, आणि त्याला काहीही शिकवू नका.